गुण भरले, प्रभाव कसा दाखवू?

प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या प्रस्तावात ‘संशोधनाचा प्रभाव’ या मथळ्याखाली नेमके काय लिहायचे, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे या सदराकडे आली. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : मॅडम, मी नाशिक जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राची सहयोगी प्राध्यापक आहे. प्राध्यापकपदासाठी कॅसचा (करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे सेवेतील पदोन्नतीच्या योजनेचा) प्रस्ताव तयार करते आहे. माझे चौदा शोधनिबंध आहेत आणि संशोधन-गुण १२६ भरतात. तरीही आमच्या आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयकांनी ‘संशोधनाचा प्रभाव दोन पानांत लिहा’ असा शेरा मारून फाइल परत पाठवली. गूगल स्कॉलरवर माझा एच-निर्देशांक ९ दिसतो आणि स्कोपस या शोधनिबंध-सूचीवर ६. यांपैकी कोणता लिहू? द्राक्षावरील केवडा रोगावर मी जे काम केले, त्याचा काही बागायतदारांनी उपयोग केला आहे. पण त्याला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गुण-तक्त्यात गुण नाहीत. ते लिहावे का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तेच लिहायचे आहे. बाकीचे सारे त्याच्या आधारासाठी.

समन्वयकांनी विनाकारण खोडा घातला, असे तुम्हाला वाटले असेल. तसे मुळीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे १८ जुलै २०१८ चे विनियम आपल्या राज्यात ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू झाले. त्यांनुसार सहयोगी प्राध्यापकाला प्राध्यापक होण्यासाठी किमान दहा शोधनिबंध लागतात, त्यांतील तीन मूल्यमापनाच्या कालावधीतले असावे लागतात आणि संशोधन-गुण किमान ११० भरावे लागतात. तुमचे ते भरले आहेत, म्हणजे तुमची फाइल समितीपुढे जाण्यास पात्र आहे, इतकेच त्यातून सिद्ध होते. हे गुण मोजतात ते तुम्ही किती लिहिले आणि कुठे छापून आणले. छापल्यानंतर त्या निबंधाचे पुढे काय झाले, हे त्या तक्त्यात कुठेच येत नाही.

एक उदाहरण घ्या. विज्ञान शाखेतील निबंधाला मूळ ८ गुण आहेत. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर २ ते ५ च्या दरम्यान असेल, तर त्यात २० गुणांची भर पडते आणि बेरीज २८ होते. लेखक दोनपेक्षा अधिक असतील, तर प्रमुख लेखकाला त्याचे ७० टक्के म्हणजे १९.६ गुण आणि इतर प्रत्येक सहलेखकाला ३० टक्के म्हणजे ८.४ गुण मिळतात. आता हा इम्पॅक्ट फॅक्टर निबंधाचा नसून नियतकालिकाचा आहे, हे लक्षात घ्या. नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षात सरासरी किती उद्धरणे (सायटेशन, म्हणजे इतर निबंधांत घेतलेले हवाले) मिळाली, एवढाच त्याचा अर्थ. यूजीन गारफिल्ड यांच्या संस्थेने हे माप रुळवले, तेव्हा त्याचा उपयोग मुख्यतः नियतकालिकांची तुलना करण्यासाठी होता. माणसांची पारख करण्यासाठी तो नव्हता. ही सरासरी थोड्याच गाजलेल्या लेखांच्या जोरावर वर जाते, त्यामुळे नामांकित नियतकालिकात छापलेला पण कोणी न वाचलेला निबंध गुण भरघोस मिळवतो आणि साध्या नियतकालिकातला, पण दहा प्रयोगशाळांनी वापरलेला निबंध मागे राहतो. संशोधकांचे मूल्यमापन नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नये, असे सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. समितीतील विषयतज्ज्ञांना हे ठाऊक असते, म्हणूनच गुणपत्रक बाजूला ठेवून ते विचारतात, “मॅडम, तुमच्या कामामुळे काय बदलले?”

एच-निर्देशांकाचे उत्तर सोपे आहे : दोन्ही लिहा आणि प्रत्येकापुढे स्रोत व तारीख घाला. निर्देशांक ९ म्हणजे किमान नऊ निबंधांना प्रत्येकी किमान नऊ उद्धरणे. हे माप भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये मांडले. गूगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, परिषदांतील निबंध असे सारेच गोळा करते. स्कोपस आपल्या यादीतील प्रकाशनांपुरतेच मोजते. त्यामुळे आकडे वेगळे येणारच. दोन्ही खरे आहेत. मात्र उद्धरणे एका ठिकाणची आणि निर्देशांक दुसऱ्या ठिकाणचा, अशी सरमिसळ केलीत, तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडखळाल.

त्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे काम वेगळेच आहे आणि त्याला एक संध्याकाळ पुरते. तुम्हाला उद्धृत करणाऱ्या निबंधांची यादी काढा, शक्य तितके निबंध उघडा आणि तुमचे नाव ज्या वाक्यात आले आहे ते वाक्य वाचा. प्रस्तावनेत आणखी सहा नावांच्या रांगेत तुमचेही नाव आले असेल, तर ती नुसती हजेरी झाली. तुमची पद्धत कोणी वापरली असेल, तुमच्या निष्कर्षाची पुन्हा पडताळणी केली असेल किंवा तुमच्याशी मतभेद नोंदवून पुढे काम केले असेल, तर ती वाक्ये बाजूला काढा. एका सहकाऱ्यांसोबत मी अशी यादी चाळत बसले होते. ज्या निबंधाला ते स्वतः किरकोळ समजत होते, त्यातील बीजाणू मोजण्याची पद्धत दोन परदेशी गटांनी जशीच्या तशी उचललेली सापडली. त्यांच्या प्रस्तावाचे पहिले पान त्या दोन वाक्यांनीच सुरू झाले.

आता द्राक्षबागांकडे वळू. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटी आलेल्या असताना पाऊस किंवा दव पडले की केवड्याची धास्ती प्रत्येक बागायतदाराला असते. त्यामुळे तुमच्या कामाचा उपयोग कोणाला, हे समितीला समजावण्याची गरज नाही. समजावायची आहे ती साखळी : कोणत्या निबंधातील कोणता निष्कर्ष, तो कोणी उचलला, त्यामुळे कोणती कृती बदलली आणि त्याचा पुरावा काय. ब्रिटनमधील विद्यापीठांच्या संशोधन मूल्यमापनात समाजावरील प्रभावाला २०१४ मध्ये २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के भारांक होता आणि तेथेही प्रत्येक दाव्यामागे अशीच साखळी मागितली जाते. आपल्या नियमांत तिचा उल्लेख नाही, पण समितीला विश्वास बसतो तो याच क्रमाने.

पुराव्याच्या पत्राविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण बहुतेक प्रस्ताव इथेच पांगळे पडतात. ‘प्राध्यापक महोदयांचे संशोधन शेतकऱ्यांसाठी अत्यंत उपयुक्त व प्रशंसनीय असून त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा’ हे पत्र निरोप समारंभात वाचायला ठीक आहे. प्रस्तावात त्याची किंमत शून्य. त्याऐवजी कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा बागायतदार गटाच्या कागदावर असे काही असावे : ‘अमुक वर्षाच्या ऑक्टोबर छाटणीपासून आमच्या गटातील इतक्या बागांमध्ये, आपल्या अमुक निबंधातील पानांच्या ओलाव्याच्या निकषावरून फवारणीचा दिवस ठरवू लागलो, त्यापूर्वी ठरावीक दिवसांच्या अंतराने फवारणी करत होतो, फवारणी-नोंदवहीच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.’ यात विशेषण एकही नाही. तारीख आहे, संख्या आहे, आधीची रीत आहे, नंतरची रीत आहे आणि नोंदवही आहे. ‘माझ्यामुळे उत्पन्न वाढले’ असे मात्र लिहू नका. उत्पन्न हवामान, बाजार आणि मजूर यांवरही अवलंबून असते आणि समितीत एखादे शेतकऱ्याच्या घरातले सदस्य निघाले, तर ते नेमके तिथेच बोट ठेवतील.

पत्र आजच मागा. माझ्या स्वतःच्या पदोन्नतीच्या वेळी एका शासकीय कार्यालयाने माझ्या अहवालावरून कार्यपद्धती बदलली होती. पत्र सावकाश घेऊ म्हणून मी थांबले, तोवर संबंधित अधिकाऱ्यांची बदली झाली. नव्या अधिकाऱ्यांना मागचे काहीच माहीत नव्हते आणि मूळ फाइल शेवटपर्यंत सापडली नाही. तो सगळा परिच्छेद मला प्रस्तावातून काढून टाकावा लागला.

गुणांबाबत दोन गोष्टी तपासून घ्या. संशोधन-गुण तक्त्यातील सहापैकी किमान तीन वर्गांतून आलेले असले पाहिजेत. आणि धोरणविषयक दस्तऐवज व निमंत्रित व्याख्याने यांचे मिळून गुण एकूण गुणांच्या ३० टक्क्यांपलीकडे धरले जात नाहीत. व्याख्यानांवर भिस्त ठेवणाऱ्यांचे १२६ गुण छाननीत ११० च्या खाली आलेले मी पाहिले आहेत.

प्रश्न : सर्वांच्या मोबाइलवर हल्ली असे संदेश येतात की अमुक रकमेत वीस सायटेशन मिळवून देऊ. आमच्या काही प्राध्यापकांचा ‘तुम्ही मला उद्धृत करा, मी तुम्हाला करतो’ असा व्हॉट्सअॅप गटही आहे. यात काही धोका आहे का? (वाणिज्य विभागातील सहायक प्राध्यापक, मराठवाडा)

उत्तर : धोका आहे, आणि धोका नसता तरी उत्तर ‘नको’ हेच होते. विकत घेतलेली उद्धरणे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही : एकाच महिन्यात, एकाच नियतकालिकात, भलत्याच विषयाच्या निबंधांत तुमचे नाव दिसू लागते. मे २०१८ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांच्या आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात वगळली, तेव्हा त्यांत पैसे भरून निबंध छापलेल्यांची काय धावपळ झाली, हे ज्येष्ठ सहकाऱ्यांना विचारा. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले होते की विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या, तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर उतरत नव्हती. गटातून बाहेर पडा.

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी सोलापूरजवळच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. वीस वर्षे मोडी कागदपत्रांवर काम करतो आहे. माझे जवळजवळ सर्व लेखन मराठीत आहे आणि स्कोपसमध्ये माझे नावही नाही. समितीत विज्ञान शाखेचे सदस्य असले की ‘सायटेशन किती?’ हा प्रश्न ठरलेला असतो, आणि माझ्याकडे सांगायला आकडा नसतो. त्यातच मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादीही बंद झाली. माझ्यासारख्याने प्रभाव दाखवायचा कसा?

उत्तर : तुमच्याकडे आकडा नाही याचे कारण उद्धरणे नाहीत हे नसून ती कोणी मोजलेली नाहीत, हे आहे. मराठीतील इतिहासलेखनाची उद्धरणे ग्रंथांच्या तळटीपांत असतात, प्रस्तावनांत असतात, प्रबंधांच्या संदर्भसूचीत असतात, स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांत आणि विश्वकोशाच्या नोंदींतही असू शकतात. यांतील फारच थोडी परदेशी उद्धरण-संचांत पोहोचतात. संशोधनाच्या मोजमापाविषयीच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातील दहा तत्त्वांपैकी एक तत्त्व स्थानिक महत्त्वाच्या आणि स्थानिक भाषांतील संशोधनाचे मोल जपण्याविषयीच आहे. समितीत कोणी अडून बसले, तर त्याचा उल्लेख जरूर करा. मात्र जाहीरनामे ऐकवण्यापेक्षा पुरावा पुढे ठेवणे केव्हाही बरे.

तो गोळा करण्याची रीत अशी. सुरुवात ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहापासून करा. तेथे प्रबंध प्रकरणवार ठेवलेले असतात. मराठी प्रबंध बहुधा पानांची छायाचित्रे घेऊन चढवलेले असल्यामुळे तुमचे नाव टाकून शोध घेतला, तर हाती काही लागणार नाही. म्हणून आपल्या विषयाचे प्रबंध शीर्षकावरून निवडा आणि प्रत्येकाची संदर्भसूचीची फाइल उघडून डोळ्यांनी वाचा. काम कंटाळवाणे आहे, पण एखाद्या हुशार विद्यार्थ्याला सोबत घेतले, तर आठवड्याभरात उरकते. मग ग्रंथालयात जाऊन गेल्या दहा-पंधरा वर्षांतील आपल्या कालखंडावरची पुस्तके चाळा. तुमचा उल्लेख सापडला की तीन पानांची छायाप्रत घ्या : मुखपृष्ठ, प्रकाशनवर्ष असलेले पान आणि तुमच्या कामाचा हवाला असलेले पान. त्या ओळीच्या समासात पेन्सिलीने उभी रेघ ओढा; वर्षे आणि ओळी शोधत बसायला समितीला सवड नसते.

या कागदांमधून अखेरीस तीन-चार नोंदी निवडा, चाळीस नकोत. ‘माझ्या अमुक संपादनातील सनदेच्या तारखेवरून अमुक लेखकाने गावाच्या वतनाचा क्रम पुन्हा लावला’ असे एक वाक्य, सोबत ते पान, हे ‘एकूण उद्धरणे ३७’ यापेक्षा वजनदार ठरते. वाक्य त्या विज्ञानवाल्या सदस्यांनाही कळेल असे लिहा. मोडीतली एक तारीख चुकीची वाचली की पुढचा सारा निष्कर्ष कसा घसरतो, हे दोन ओळींत समजावले, तर रसायनशास्त्राच्या माणसाला ते सहज पटते. मोजमापातली चूक म्हणजे काय, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते. मानव्यविद्यांत उद्धरणे सावकाश येतात आणि दीर्घकाळ येत राहतात, हेही एका वाक्यात नोंदवा.

मोडीच्या कार्यशाळा घेत असाल, तर ‘इतक्या कार्यशाळा, इतके प्रशिक्षणार्थी’ यावर थांबू नका. त्यांपैकी कोण आज पुराभिलेखागारात किंवा एखाद्या संशोधन मंडळात प्रत्यक्ष कागद वाचते आहे, कोणी घरचे दप्तर वाचून प्रसिद्ध केले, ते शोधा. असे दोघे जरी निघाले, तरी त्यांचा उल्लेख हजेरीपत्रकापेक्षा पुढे जातो. तुमचे संपादन एखाद्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात संदर्भग्रंथ म्हणून असेल, तर त्या अभ्यासक्रमाचे छापील पान जोडा. कोणी चिकित्सक परीक्षण लिहिले असेल, तर तेही जोडा, त्यात दोष दाखवले असले तरी. दखल घेण्याजोगे काम होते म्हणूनच कोणी ते दोष शोधले.

केअर यादीची चिंता फार करू नका. ती जून २०१९ पासून अमलात होती आणि आयोगाने ११ फेब्रुवारी २०२५ च्या सूचनेने बंद केली. २०१८ च्या विनियमांत शब्द आहेत ते ‘तज्ज्ञ-परीक्षित किंवा यूजीसी-सूचीतील नियतकालिके’, आणि त्यातला ‘किंवा’ तुमच्या कामाचा आहे. निबंध छापला तेव्हा नियतकालिक यादीत असल्याचे दाखवणारे पान जपून ठेवले असेल, तर उत्तमच. नसेल, तर परीक्षकांचे अभिप्राय, संपादकांचे स्वीकृतिपत्र आणि संपादक मंडळाचे पान यांवरून परीक्षण झाल्याचे दाखवता येते. आपल्याकडे संपादक फोनवरच ‘लेख घेतला’ म्हणून कळवतात, ही गोड सवय आता आपल्याला महाग पडते आहे. पुढच्या लेखापासून लेखी अभिप्राय मागून घ्या. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने जो नवा मसुदा मांडला, त्यात गुणांच्या तक्त्याऐवजी नऊ उल्लेखनीय योगदानांची यादी होती आणि भारतीय भाषांतील अध्यापनाचे योगदान हा तिचा एक भाग होता. प्रस्ताव मात्र तुमच्या पात्रतेच्या तारखेला लागू असलेल्या नियमांप्रमाणेच करा.

प्रश्न : नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, सध्या अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठात जैवसांख्यिकीचा सहायक प्राध्यापक आहे. पुढील वर्षी माझे टेन्युअरचे (कायम नेमणुकीचे) मूल्यमापन आहे. माझे बरेच निबंध डॉक्टरांच्या मोठ्या गटांबरोबर असून त्यांत माझे नाव मध्येच कुठेतरी असते. मी लिहिलेले एक आर-पॅकेज (सांख्यिकीसाठीच्या आर या संगणकीय भाषेतील तयार आज्ञावलींचा संच) बरेच लोक वापरतात, पण ते ‘संशोधन’ धरतील का? आणि स्वतःविषयी ‘मी हे केले, मी ते केले’ असे पानभर लिहिताना हात अडखळतो. आई-बाबांनी असे बोलायला कधी शिकवले नाही.

उत्तर : तुमची अडचण आमच्या पिढीला चांगलीच कळते, आम्ही तर स्वतःच्या प्रबंधातही ‘प्रस्तुत संशोधकाने’ लिहीत होतो. पण तेथे ‘आम्ही’ लिहिलेत, तर वाचणारा ते विनयाने घेत नाही. तुमचा वाटा कळला नाही, असे समजून पुढे जातो. अमेरिकी विद्यापीठ प्राध्यापकांच्या संघटनेच्या १९४० च्या निवेदनाने परिवीक्षेची कमाल मर्यादा सात वर्षे धरली, म्हणून मूल्यमापन बहुधा सहाव्या वर्षी होते. आणि नकार आला, तर साधारणपणे आणखी एक वर्ष नोकरी, मग निरोप. आपल्याकडे कॅस रखडली तरी खुर्ची राहते. तेव्हा संकोच बाजूला ठेवावाच लागेल.

तोडगा असा की विशेषणे एकही वापरू नका, क्रियापदे मात्र ‘मी’ची ठेवा : ‘नमुन्याचा आकार मी ठरवला’, ‘गळालेल्या नोंदींसाठीची पद्धत मी बसवली’, ‘विश्लेषणाची संगणकीय आज्ञावली मी लिहिली’. यात बढाई कुठेच नाही, नुसता हिशेब आहे. लेखकांच्या वाट्याची चौदा भूमिकांत विभागणी करणारी ‘क्रेडिट’ नावाची पद्धत अनेक नियतकालिके वापरतात. तुमच्या निबंधांत ती नोंद असेल, तर तिचा हवाला द्या. नसेल, तर त्या गटाच्या प्रमुख डॉक्टरांकडून दोन परिच्छेदांचे पत्र घ्या आणि त्यांना एकच प्रश्न विचारा : हा माणूस नसता, तर या अभ्यासात काय वेगळे झाले असते?

पॅकेजविषयी : डाउनलोडचा आकडा द्या, पण त्यावर विसंबू नका, कारण त्यात यंत्रांनी आपोआप केलेले डाउनलोडही मिसळलेले असतात आणि सांख्यिकीच्या विभागात हे सर्वांना माहीत असते. त्यापेक्षा दुसरी किती पॅकेजेस तुमच्या पॅकेजवर उभी आहेत ते पाहा. तुम्ही एखादे फंक्शन उद्या बदलले, तर ज्यांचे काम अडेल, ते तुमचे खरे साक्षीदार. कोणत्या वैद्यकीय अभ्यासांनी ते वापरले, याची छोटी यादी द्या आणि पॅकेजमागची पद्धत ज्या निबंधात मांडली, त्याच्याशी तिची गाठ घाला. अशी गाठ घातली की ‘हे संशोधन धरायचे का’ हा प्रश्न बहुधा उरत नाही.

बाहेरच्या परीक्षकांच्या पत्रांना तेथे फार वजन असते आणि ते परीक्षक तुमचे मार्गदर्शक, सहलेखक किंवा जवळचे मित्र नसावेत अशी अपेक्षा असते. तुमच्याकडूनही काही नावे मागतील. तुम्हाला उद्धृत करणाऱ्यांची यादी तिथे पुन्हा उपयोगी पडते : तुमची पद्धत वापरलेला, पण तुम्हाला कधी न भेटलेला ज्येष्ठ संशोधक हे उत्तम नाव. बहुतेक ठिकाणी ही पत्रे मूल्यमापनाच्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यातच मागवली जातात, म्हणून विभागप्रमुखांना तारीख आत्ताच विचारा आणि नावांची यादी सत्र संपण्याआधी तयार ठेवा.